तीन बोटांखालचा अंगठा

मुत्याला साडेपाच वर्षं झाली तरी तिला स्वतःचं नाव माहीत नव्हतं. नाव होतं. चर्चच्या नोंदीत होतं, माझ्या तोंडात तर दिवसभर असायचं. पण तिच्यापर्यंत ते कधी पोचलंच नव्हतं.

ती पोटात असताना तिसऱ्या महिन्यात माझ्या अंगावर बारीक लाल पुरळ उठलं होतं. तीन दिवसांत गेलंही. मी कॉलेज शिकलेली, लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवणारी. तरी त्या तीन दिवसांचा अर्थ मला कळला तो मुत्या आठ महिन्यांची झाल्यावर, तिच्या पाठीमागे पातेलं पडलं आणि ती हललीसुद्धा नाही तेव्हा. तेव्हापासून माझी नजर तिच्यावरून हटत नाही. पाण्याकडे गेली का, मागून कुत्रं आलं का, मोटरसायकल आली का. माझी सासू, नानाय, म्हणते, "इंदाय, तू झोपेत तरी पापणी मिटतेस का गं?"

आमच्या बेटावर चारशे घरं असतील. त्यात ऐकू न येणारी ही एकटीच. तिला बोलवायचं तर लाकडी जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे तळव्यांना हादरा कळून ती वळते. तिनं आणि मी मिळून तीसेक खुणा तयार केल्या होत्या. भात, मासा, होडी, वारा, 'बाबा जहाजावर'. स्वतःबद्दल सांगायचं असलं की ती छातीवर बोट ठेवायची. पण ते म्हणजे 'मी'. 'मी' तर प्रत्येकजण असतो.

इलोइलो शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, "हिला भाषा मिळू दे. कुठलीही, हातांची का होईना. सहा-सात वर्षांच्या आत. नंतर फार जड जातं." ते सहा-सात मी रोज मोजत होते.

अशात मला तो कार्यक्रम सापडला. शनिवारी दुपारी तीन वाजता, अर्धा तास, मनिलाहून. त्यात टीचर वेना नावाच्या बाई हातांनी गोष्ट सांगतात. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, स्वतः जन्मापासून बहिऱ्या. शेवटच्या पाच मिनिटांत, ज्या मुलांनी पत्र पाठवलं असेल त्यांना त्या नाव देतात. खुणेचं नाव. बहिऱ्या माणसांत नाव असंच मिळतं, दुसऱ्या बहिऱ्या माणसाकडून. ऐकू येणाऱ्यानं ते ठेवायचं नसतं, अगदी आईनंसुद्धा नाही. हे वाचलं तेव्हा मला जरा लागलं होतं. मग मी मुत्याचा फोटो लावून पत्र लिहिलं.

पण चित्राची पंचाईत होती. आमच्याकडे साधी वाहिनी यायची. तिच्यात टीचर वेनांचा हात म्हणजे भाताचा मुटका. बोटं उघडी असली तर कळायची. मूठ मिटली की सगळं एक. आणि रोमन लिपीतली कितीतरी अक्षरं हातानं दाखवताना मुठीचीच. एम म्हणजे अंगठा तीन बोटांखाली, एन म्हणजे दोन बोटांखाली, एस म्हणजे अंगठा बोटांवरून आडवा. मी पडद्यापाशी नाक नेऊन बघायची, अंदाज करायची आणि मुत्याला शिकवायची. दोन महिने मी तिला एस शिकवत होते आणि समजत होते एम. शहरात तक्ता बघितला तेव्हा कळलं. घरी येऊन तिचा अंगठा बोटांखाली सरकवायला गेले तर ती चिडली, हात झाडून उठून गेली. तिच्या दृष्टीनं बरोबर होतं. पडद्यावर जसं दिसतं तसंच तर ती करत होती.

त्या कार्यक्रमाची दुसरीही वाहिनी होती, एचडी. तोच कार्यक्रम, तीच वेळ, पण चित्र स्वच्छ. तिचे पैसे वेगळे, आणि टीव्हीला जोडायचा डबाही वेगळा लागतो.

मग मनिलाहून निरोप आला: येत्या शनिवारी मुत्याला नाव मिळेल.

नाव 'एम' वरून असणार एवढं मला कळत होतं. म्हणजे मूठ. म्हणजे साध्या वाहिनीवर माझ्या मुलीचं नाव भाताच्या मुटक्यासारखं येणार आणि जाणार. कार्यक्रम पुन्हा दाखवत नाहीत.

रोएलला, माझ्या नवऱ्याला, मी जहाजावर निरोप पाठवला. त्यानं उत्तरात एकच शब्द पाठवला: 'घे.'

नानाय मात्र म्हणाली, "चित्र तेच, बाई तीच, गोष्ट तीच. मग जास्तीचे पैसे कशाचे?"

"अंगठ्याचे, नानाय."

"अंगठ्याचे!" तिनं शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "माझे दोन आहेत, कुणी दमडी देत नाही."

गुरुवारी मानोंग सांतो येऊन नवा डबा बसवून गेले. वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडे मानोंग म्हणतात, बाईला मानांग. आमच्या बेटावरच्या टीव्हीच्या सगळ्या छत्र्या त्यांनीच छपरांवर चढून बसवलेल्या आहेत. साठी उलटली तरी जहाजावरच्या वायरलेसवाल्याचा रुबाब गेलेला नाही. टीव्हीमागची पिवळी-लाल-पांढरी वायर त्यांनी उपटून माझ्या हातात दिली. "ही ठेव कपडे वाळत घालायला. एवढं चित्र या वायरीतून जात नाही," म्हणाले आणि जाड काळी वायर जोडली. "आता फक्त रिचार्ज मार."

मी प्रत्येक गोष्ट वेळेआधी करणारी बाई आहे. होडी दहाची असली तर मी आठला धक्क्यावर असते. रोएलचे पैसे शुक्रवारी रात्री हाती आले, म्हणून शनिवारी सकाळी नऊ वाजताच मी मुत्याला घेऊन मानांग पेर्लाच्या दुकानात गेले. तिचा फोन दुकानाच्या दारावर एका खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो, कारण रेंज त्या खिळ्याशीच येते. ती स्टुलावर चढली, एका बोटानं माझ्या डब्यातल्या कार्डाचा नंबर टाकला, पॅकेजचं नाव टाकलं. थोड्या वेळानं फोन वाजला.

"झालं गं. एकशे वीस पेसो, तीस दिवस. आता राणीसारखी बघ."

मी शांत झाले. सहा तास हातात होते.

आमच्याकडे वीज दुपारी दोनला येते, मध्यरात्री जाते. बरोबर दोनला पंख्याचं पातं हललं, फ्रिज कण्हला. मी टीव्ही लावला, एचडीचा आकडा दाबला.

काळा पडदा. त्यावर एक पांढरी ओळ: ही वाहिनी आपल्या पॅकेजमध्ये नाही.

मी पुन्हा दाबलं. डबा बंद करून चालू केला. कार्ड काढलं, पदराला पुसावं तसं ब्लाउजला पुसून परत घातलं. तीच ओळ. साध्या वाहिन्या सगळ्या दिसत होत्या. नूडल्सची जाहिरात चालू होती, बातम्या चालू होत्या. फक्त ही एक नाही.

मुत्याला कडेवर घेऊन मी धावले.

"मानांग पेर्ला, पैसे गेले कुठे माझे?"

"वर," ती म्हणाली आणि आकाशाकडे बोट केलं. "मला पोच आलीये, ही बघ. माझं काम खिळ्यापर्यंत. पुढचं तू देवाशी आणि कंपनीशी भांड."

मानोंग सांतो तिथेच बाकावर बसून वाफवलेले शिंपले खात होते. त्यांनी शिंपला खाली ठेवला. "रिचार्ज किती वाजता मारलास?"

"नऊ वाजता. मुद्दाम लवकर."

"आणि नऊ वाजता डबा चालू होता?"

"नऊ वाजता वीज कुठे असते?"

"तेच विचारतोय."

"मानोंग, नऊ वाजता या बेटावर काय चालू असतं?" पेर्ला म्हणाली. "माझा कोंबडा आणि माझं तोंड."

सांतो हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, टोपी घातली. "पेर्ला, चढ स्टुलावर. परत पाठवायला सांग. 'रिफ्रेश' असा मेसेज, पुढे हिचा नंबर. इंदाय, तू इथे बस, श्वास घे जरा. मूल घाबरलंय तुझ्याकडे बघून."

मुत्या खरंच माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी हसून दाखवलं. ती फसली नाही.

"आता ऐक," सांतो म्हणाले. "तू शिकलेली आहेस, तुला कळेल. विषुववृत्ताच्या डोक्यावर, छत्तीस हजार किलोमीटरवर तो उपग्रह आहे. फिरतो, पण पृथ्वीच्याच चालीनं, म्हणून आपल्याला वाटतं एका जागी उभा आहे. मनिलाहून सगळी चित्रं वर फेकतात, तो खाली ओततो. कुणाला विचारून नाही ओतत. ज्यानं पैसे भरले त्याच्यावर, ज्यानं नाही भरले त्याच्यावरही. चर्चच्या पत्र्यावर, समुद्रावर, या बाईच्या कोंबड्यावर. तुझी एचडी वाहिनी आत्ता, या क्षणाला, तुझ्या डोक्यावर पडतेय."

माझा हात आपसूक केसांवर गेला.

"मग पैसे कशाचे घेतात?"

"कुलूप घातलेलं असतं ना. चित्र फुकट पडतं, पैसे किल्लीचे. आणि कुलूप कसलं, दर काही सेकंदांनी बदलतं. म्हणून कुणाच्या बापाला फोडता येत नाही. मी पाहिलंय प्रयत्न करून."

"मानोंग!" पेर्ला स्टुलावरून म्हणाली.

"तरुण होतो गं तेव्हा."

"पण साधीला कमी आणि एचडीला जास्त का?" वेळ जात होता आणि मी विचारत होते. शिक्षिकेची खोड.

"जागा खाते ती. एका एचडीच्या जागेत चार-पाच साध्या वाहिन्या बसतात."

"म्हणजे माझा नवराच," पेर्ला म्हणाली. "होडीत बसला की चौघांना उभं राहावं लागतं. त्याचंही जास्तीचं भाडं घ्यायला पाहिजे."

"आणि किल्ली?" मी विचारलं. "ती कशी येते?"

सांतोंचा आवाज जरा खाली आला. चर्चमध्ये बोलतात तसा. "तीही वरूनच. त्याच चित्रांच्या लोंढ्यात मिसळून. तू पैसे भरलेस की मनिलाला तुझ्या कार्डाचा नंबर पुकारतात. बारा आकडे. तो नंबर वर जातो आणि खाली येतो, सगळीकडे. लुझोनपासून मिंडानाओपर्यंत लाखो डबे ऐकत बसलेले असतात. प्रत्येक डबा बघतो, हा नंबर माझा आहे का? नाही, सोडून दे. माझा आहे का? नाही. ज्याचा असेल तो एकच उघडतो. आज सकाळी दोन-तीन तास तुझा नंबर पुकारत होते, इंदाय. सात हजार बेटांवर पुकारला. सगळ्यांनी ऐकला. तुझाच डबा तेवढा बंद होता."

मुत्या माझ्या मांडीवर बसून सांतोंच्या ओठांकडे बघत होती, ती कुणीही बोलत असलं की बघते तशी.

"मग साध्या पॅकेजला असं कधी कसं झालं नाही?"

"ते तू मुदत संपायच्या चार दिवस आधीच भरतेस. तुझा स्वभाव. चार दिवसांत कधीतरी वीज असतेच, डबा चालू असतो, मिळून जातं. नव्या पॅकेजची हाक थोडा वेळच असते."

फोन वाजला. पेर्लानं डोळे बारीक करून वाचलं, "'डबा चालू ठेवा. त्याच वाहिनीवर ठेवा. एका तासात सुरू होईल.'"

दोन पंचवीस झाले होते.

घरी पोचलो तर नानायनं टीव्हीवर साधी वाहिनी लावून ठेवली होती. सांतोंनी एचडीचा आकडा दाबला, पुन्हा काळा पडदा आला. "आता याला हात लावायचा नाही. वाहिनी बदललीस आणि नेमकी त्याच वेळी हाक आली तर पुन्हा चुकेल. डबा ऐकतोय, ऐकू दे त्याला."

आम्ही बसलो. मी, नानाय, सांतो. पेर्लाही दुकान उघडं टाकून आली. "माझ्या खिळ्यावरून गेलेला मेसेज आहे, बघायला नको?" काळ्या पडद्यात आमचेच चेहरे दिसत होते.

मुत्याला घड्याळ वाचता येत नाही, पण मोठा काटा सरळ वर आणि छोटा उजवीकडे आडवा झाला की टीचर वेना येतात हे तिला ठाऊक आहे. मोठा काटा वर गेला. तिनं आपलं छोटं स्टूल आणून पडद्यासमोर ठेवलं, फ्रॉक नीट केला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसली.

काही आलं नाही.

तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर हात मारला. टीव्हीच्या मागे जाऊन बघून आली. मग रिमोटकडे आली. मी तो मांडीखाली घातला.

तेव्हा ती रडायला लागली. तिचं रडणं कुठे थांबायचं ते तिला कळत नाही, कारण ते तिला ऐकूच येत नाही. ते भिंतींना जाऊन आपटतं.

"अगं लाव ना साधी!" नानाय ओरडली. "पोरीला अर्धा घास तरी मिळू दे. तिची बाई तिकडे बोलून जाईल आणि तू इथे काळी पाटी बघत बसशील!"

"मानोंग?" मी म्हटलं.

"मी सांगितलंय ते सांगितलंय. येईल."

"नाही आली तर?"

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. "नाही आली तर नाही आली, इंदाय. मी त्या उपग्रहाला ओळखतो, पण तो काही माझ्या घरचा नाही."

तीन दहा झाले. एका आकड्यावर टीचर वेना आत्ता, या मिनिटाला, हात हलवत होत्या. मी बटण दाबलं तर दिसल्या असत्या. धूसर, बिनबोटांच्या, पण दिसल्या असत्या. कपाळापाशी, गालापाशी कुठेतरी मूठ नेली हे तरी कळलं असतं. पुढचं मी अंदाजानं शिकवलं असतं. पण अंदाजानं शिकवलेलं एक अक्षर मी अजून तिच्या हातातून काढू शकले नव्हते. नावही तसंच शिकवायचं? चुकीच्या अंगठ्याचं नाव घेऊन ती उद्या दुसऱ्या बहिऱ्या मुलांत गेली, तर ते नाव दुसऱ्याच कुणाचं असायचं.

मी रिमोटवरून उठले नाही. मुत्याला छातीशी धरलं. ती मला बुक्के मारत होती.

तीन एकोणीसला पडदा उघडला.

आवाज नाही, घंटा नाही, काही नाही. काळं होतं तिथे एकदम पिकल्या आंब्याचा पिवळा रंग आला. टीचर वेनांचा ब्लाउज. त्यावर शिवणीची एकेक टीप. त्या ब्लाउजसमोर दोन हात. आणि त्या हातांना बोटं होती.

मला दुसरा शब्द सुचत नाही. बोटं होती. पेरांवरच्या सुरकुत्या होत्या. अनामिकेत पातळ अंगठी होती, मनगटावर तेलाचा थेंब उडाल्याचा जुना डाग होता, उजव्या तर्जनीच्या नखाचा लाल रंग टोकाशी उडाला होता. छत्तीस हजार किलोमीटर वर, छत्तीस हजार किलोमीटर खाली, कुलपात घालून, लाखो छपरांवर ओतून, आणि त्यातून एका बाईच्या नखावरचा उडालेला रंग आमच्या खोलीत जसाच्या तसा आला होता.

"हेसूस," पेर्ला पुटपुटली आणि तिनं छातीवर क्रूस काढला.

मुत्याचं रडणं हुंदक्याच्या मध्येच तुटलं. ती माझ्या मांडीवरून सरकली आणि पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या गालावर पिवळा उजेड पडला. मी नेहमी तिला मागे ओढते, डोळे बिघडतील म्हणून. त्या दिवशी नाही ओढलं. टीचर वेनांनी मूठ मिटली. तीन बोटांच्या खालून, करंगळीशेजारी, अंगठ्याचं टोक बाहेर डोकावत होतं. एवढंसं. तांदळाच्या दाण्याएवढं.

मुत्यानं आपली मूठ वर धरली. पडद्याकडे पाहिलं. मुठीकडे पाहिलं. मग दुसऱ्या हातानं आपला अंगठा पकडून तो स्वतःच बोटांखाली घातला.

दोन महिने मी जे तिच्या हातात बसवलं होतं ते असं एका क्षणात निघालं. मी नानायकडे बघितलं. तिला एम-एन काही कळत नव्हतं, पण ती आपलेच दोन अंगठे समोर धरून बघत बसली होती.

तीन पंचवीसला पडद्यावर मुत्याचा फोटो आला. कपाळावरच्या भोवऱ्यामुळे तिची बट नेहमी उभी राहते, फोटोतही राहिली होती. मुत्या स्वतःला बघून मागे सरकली, स्टुलाला अडखळली. सांतोंनी तिला धरलं. टीचर वेनांनी फोटोकडे बोट केलं. मग त्या भोवऱ्याकडे. मग मूठ मिटली, तीन बोटं, खाली अंगठा, ती मूठ कपाळाशी नेली आणि तिथल्या तिथे एक गिरकी दिली, बट वळावी तशी. एकदा. थांबून पुन्हा एकदा. मग त्या सरळ समोर बघून हसल्या.

कुणाकडे बघून, ते त्यांना कुठे ठाऊक होतं? तरीही ते हसू सगळ्या देशावर पडलं आणि त्यातलं एक आमच्या घरी आलं.

मुत्यानं मूठ कपाळाशी नेली. गिरकी दिली.

"आलं!" पेर्लानं टाळ्या वाजवल्या. "आलं तिला नाव!"

सांतो रुमालानं मान पुसत होते. मान तशी कोरडीच होती. "बारा आकड्यांपेक्षा बरंच सुटसुटीत आहे," म्हणाले.

सगळे गेल्यावर माझी काळजी परत आली, ती फार लांब कधी जातच नाही. मुत्या सगळ्यांचीच नक्कल करते. हवामान सांगणाऱ्या माणसासारखा नकाशावर हात फिरवते, नूडल्सच्या जाहिरातीतल्या मुलासारखे ओठ चाटते. ही गिरकीही तसलीच असली तर? एक छान हालचाल, पिवळ्या ब्लाउजवाल्या बाईनं केलेली? ती आपली आहे, हे तिला कोण सांगणार? सांगायला शब्द लागतात, आणि शब्द मिळावेत म्हणूनच तर हे सगळं.

मी तिचा फोटो दाखवला, खूण केली. तिनं खूण केली. मी मांजर दाखवली. तिनं मांजरीलाही तीच खूण केली आणि हसली. मी आणखी काही दाखवायचं धाडस केलं नाही. ती अंगणात जाऊन शिंपल्यांशी खेळत बसली. मी खिडकीतून बघत राहिले. ती एकटीच मूठ मिटत होती, उघडत होती.

दिवेलागणीला जेवायला बसलो. नानायनं निखाऱ्यावर मासे भाजले होते. रोएल नसला की तीन ताटं, पण त्या दिवशी मासे चार होते आणि त्यातला एक चांगला मोठा, शेपटीशी करपून कुरकुरीत झालेला. नानायनं तो हातात उचलून धरला. आमच्या घरातली ही जुनी गंमत. ती भुवया उंचावते, तळहात उलटा करते: हा कुणाचा? रोएल असला की तो ओरडतो, "माझा!" आणि मुत्या छातीवर बोट मारत सुटते. मग ज्याचा हात आधी, त्याचा मासा.

मी बोट छातीवर ठेवलं. खेळ म्हणून, सवयीनं.

मुत्यानंही बोट छातीवर ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझं बोट पाहिलं, आपलं पाहिलं. दोन्ही सारखीच.

तिनं हात खाली घेतला, फ्रॉकला पुसला. मूठ मिटली. दुसऱ्या हाताच्या बोटानं वरची बोटं मोजली, एक, दोन, तीन, आणि खाली अंगठा आहे ना ते चाचपून बघितलं. मग ती मूठ तिनं कपाळावरच्या उभ्या बटेशी नेली आणि नानायच्या डोळ्यांत बघत गिरकी दिली.

नानायचा हात माशासकट हवेत तसाच राहिला. "काय म्हणते ती?"

मी माझं बोट छातीवरून काढलं.

"म्हणते, मुत्याचा."

नानायनं मुत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मासा मुत्याच्या भातावर ठेवला आणि बोटं चाटली.

"मग काटे काढून दे ना तिला, इंदाय. बघत काय बसलीस? गार होतोय."